सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं मूल शाळेत जातंय? मग हे क्रमाने करा

प्रीमॅच्युअर बाळ म्हटलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष वजनावर. सव्वा किलोचं दोन किलोचं झालं, पेटीतून बाहेर आलं, घरी आलं, वर्षा-दीड वर्षात चालायला बोलायला लागलं की सगळे म्हणतात सुटलो बाबा एकदाचे. फॉलोअप पण तिथेच बंद पडतात. मग दुसरी-तिसरीत शाळेतून तक्रारी सुरू होतात, वही अपूर्ण, वर्गात लक्ष नाही, गणित कच्चं, "हुशार आहे हो पण मनावरच घेत नाही", आणि तोपर्यंत हे पोर ३० आठवड्यांचं जन्मलं होतं ही गोष्ट घरच्यांच्याही डोक्यातून गेलेली असते, शाळेला तर कोणी सांगितलेलीच नसते.

हे त्या पालकांसाठी लिहितेय ज्यांचं मूल आता ४-५ पासून १०-११ वर्षांपर्यंतचं आहे आणि ज्यांना कुठून सुरुवात करायची कळत नाहीये. मी डॉक्टर नाही, माझी लेक ३१ आठवड्यांची, आता पाचवीत आहे, त्यामुळे हे सगळं वाचून, विचारून, रांगा लावून झालंय. औषधोपचाराचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आधी एवढं समजून घ्या

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर. त्यातही ३२ ते ३७ मधली वेगळी, २८ ते ३२ मधली वेगळी आणि २८ च्या आतली अगदीच वेगळी. जगात साधारण दहातलं एक बाळ लवकर येतं आणि आकड्याने बघितलं तर अशी सगळ्यात जास्त बाळं आपल्या देशात जन्मतात, २०२० साली अंदाजे ३० लाख. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात अशी आणखी दोन-चार मुलं नक्की असणार, फक्त कोणी बोलत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूत भयंकर काम चालू असतं, घड्या पडत असतात, एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तारा जोडल्या जात असतात. ३४ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण ६५ टक्केच असतं. उरलेलं काम मग पेटीत, लाइटखाली, सुयांच्या मधे पूर्ण होतं. बहुतेकांचं बऱ्यापैकी होतंही, पण त्या जोडण्यांमधे थोडं उन्नीस-बीस राहू शकतं, आणि ते वयाच्या दुसऱ्या वर्षी दिसत नाही कारण दोन वर्षांच्या मुलाला कोणी फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगत नाही.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा शाळेच्या वयातला सरासरी बुद्ध्यांक पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा साधारण ११ ते १३ पॉइंटने कमी येतो असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर दिसलंय. वाचून छातीत धस्स होतं माहितीये. पण ही सरासरी आहे, तुमचं मूल नाही. त्याच गटात वर्गात पहिली येणारी मुलंही असतात. आणि ३४-३६ वाल्यांमधे हा फरक बराच कमी असतो.

आपल्याकडचा अभ्यास हवा असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचा आहे. १९८७ ते ८९ मधे जन्मलेली, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या टीमने १८ वर्षांची होईपर्यंत फॉलो केली, भारतात इतकं चिकाटीने फार कमी जणांनी केलंय. त्यात दिसलं ते असं की बहुतेक मुलांची बुद्धी नॉर्मल पट्ट्यात, पण बरोबरच्या मुलांपेक्षा सरासरी थोडी खाली, आणि लिखाण, गणित, डोळा-हाताचा मेळ यात अडचणी जास्त. लवकर जन्मलेली आणि शिवाय त्या आठवड्याच्या मानानेही वजनाला कमी असलेली मुलं सगळ्यात मागे. आणि आईचं शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचा परिणाम खूप मोठा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

पहिलं काम: डिस्चार्जची फाइल शोधा

कपाटात, बारशाच्या फोटोंच्या पिशवीत, कुठेतरी असते. सापडली की त्यातून या गोष्टी एका कागदावर उतरवा: किती आठवड्यांचं, जन्माचं वजन, "एसजीए" लिहिलंय का (म्हणजे आठवड्याच्या मानाने वजन कमी), डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्राव होता का आणि कुठली ग्रेड (१-२ सौम्य, ३-४ गंभीर), "पीव्हीएल" शब्द आहे का (म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांजवळच्या भागाला इजा), व्हेंटिलेटर किती दिवस, झटके आले होते का, डोळ्यांचा पडदा तपासला का (आरओपी, म्हणजे लवकर आलेल्या बाळांना होणारा पडद्याचा आजार), कानाची बेरा टेस्ट झाली का. फाइल नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज द्या, मिळाली तर मिळाली, नाहीतर निदान आठवडे आणि वजन तरी आजीला, मावशीला विचारून पक्कं करा. कारण पुढे प्रत्येक डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि आपण "सातव्या महिन्यात झालं" एवढंच सांगतो, त्यातून २८ पण निघतात आणि ३२ पण.

शाळेत कधी घालायचं

बाळ लहान असताना डॉक्टर "करेक्टेड एज" काढायचे आठवतंय का, म्हणजे जितके आठवडे लवकर आलं तितके वजा. ते साधारण दोन वर्षांपर्यंत करतात, मग सोडून देतात. पण शाळेची तारीख ती वजाबाकी कधीच करत नाही. समजा बाळाची ड्यू डेट होती ४ फेब्रुवारी २०२० आणि ते आलं १० डिसेंबर २०१९ ला. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ पूर्ण हा हिशोब धरला तर हे मूल जून २०२५ लाच पहिलीत बसतं, साडेपाच वर्षांचं, आणि वेळेवर आलं असतं तर जून २०२६ ला बसलं असतं. म्हणजे आधीच लवकर आलेलं मूल वर्गात पण सगळ्यात लहान. अशा वेळी पुढच्या बॅचमधे घालायचा पर्याय शाळेला जरूर विचारा, शेजारच्यांचं "वर्ष वाया जाईल" मनावर घेऊ नका.

पण एक वर्ष थांबवलं की आपोआप सगळं जुळतं असंही नाही हं. जर्मनीत बव्हेरियामधे उशिरा शाळेत घातलेली मुलं आणि वेळेवर घातलेली मुलं यांची ८ व्या वर्षी तुलना केली तर उशिरा घातलेल्यांना काही फायदा दिसला नाही, उलट शिकायचं एक वर्ष बुडाल्यामुळे गुण थोडे कमीच. त्यामुळे थांबवायचं तर त्या वर्षात बालवाडी, गोष्टी, कात्री-गोंद, बोलणं, खेळणं हे सगळं भरपूर चालू पाहिजे. मोबाइल हातात देऊन घरी बसवायचं असेल तर त्यापेक्षा सरळ शाळेत घाला.

आधी शरीराचं बघा, मग डोक्याचं

लोक हे नेहमी उलटं करतात. प्रीमॅच्युअर मुलांना चष्मा लागायचं आणि तिरळेपणाचं प्रमाण जास्त, आरओपी झाली असेल तर आणखीच, त्यामुळे दरवर्षी डोळे तपासायचे, शाळेच्या कॅम्पमधे भिंतीवरचा तक्ता वाचला म्हणजे झालं असं नाही. कान पण परत एकदा, विशेषतः सर्दीने सारखे कान भरत असतील तर. हिमोग्लोबिन, कारण लोह कमी असलं की लक्ष लागत नाहीच. झोपेत घोरतंय का, तोंड उघडं टाकून झोपतंय का, तेही डॉक्टरांना सांगा, नीट झोप नसलेलं मूल दिवसभर वर्गात पेंगतं किंवा उड्या मारतं आणि दोन्हीला आपण "लक्ष नाही" म्हणतो.

मग महिनाभर नुसतं बघा

क्लास लावू नका, ओरडू नका, वहीत तारीख टाकून दोन-दोन ओळी लिहा. काय बघायचं ते सांगते.

फळ्यावरून उतरवणं. हे एकच काम नीट बघितलं तरी अर्धं चित्र समजतं. मूल वर बघतं, "पावसाळ्यात" हा शब्द डोक्यात धरतं, मान खाली घालतं, वहीवर जागा शोधतं, "पा" लिहितं, "व" लिहितं, पुढचं विसरतं, परत वर बघतं, आता फळ्यावर ती ओळच सापडत नाही, सापडते तोवर मॅडमनी अर्धा फळा पुसलेला. बाकीची पोरं दोन शब्द एकदम उचलतात, हे एकेक अक्षर उचलतंय. याला वाचता येतं, लिहिता येतं, अर्थ पण कळतो. डोक्यातली तात्पुरती जागा कमी आहे, छोट्या ओट्यासारखी, स्वयंपाक येतो पण एका वेळी दोनच भांडी मावतात, तिसरं ठेवलं की पहिलं खाली. याला इंग्रजीवाले वर्किंग मेमरी म्हणतात आणि प्रीमॅच्युअर मुलांमधे सगळ्यात जास्त मार इथेच बसलेला असतो, त्याच्या जोडीला वेग. शाळेत ही दोन्ही एकदम लागतात.

गणित. मराठी माध्यमात आणखी एक भानगड आहे. आपण बोलतो "पंचवीस", म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, आणि लिहितो २ आधी ५ नंतर. ज्याची तात्पुरती जागा कमी त्या मुलाचे २५ चे ५२ होणारच, एकोणतीस-एकोणचाळीसमधे तर विचारूच नका. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद फिरले, पण खरं सांगू, आमच्या घरी त्या पद्धतीने सुटका झाली. आधी वीस पाच, मग हळूहळू पंचवीस. तर बघायचं काय, की तोंडी बेरीज येते पण हातच्याची येत नाही का, उभी मांडणी तिरकी होते का, ३ चा पाढा आज येतो आणि उद्या जातो का, शाब्दिक उदाहरणात शेवटच्या वाक्यापर्यंत येता येता पहिलं वाक्य विसरतं का.

लक्ष. या मुलांमधे एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, चंचलपणा) प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट असतं, पण बऱ्याचदा ते टेबलावर चढणारं नसतं, खिडकीबाहेर बघत बसणारं असतं. गप्प बसलेलं मूल मॅडमना त्रास देत नाही म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही, मुलींचं तर हमखास असंच होतं. त्याच्या जोडीला घाबरटपणा, मधल्या सुट्टीत एकटं एकटं, नवीन जागी चिकटून बसणं हेही दिसू शकतं.

हात. शर्टाची बटणं, बुटाची लेस, डब्याचं झाकण, कंपास. पेन्सिल इतकी दाबतं का की मागच्या पानावर छाप उठतो? अर्ध्या पानातच हात दुखतो म्हणतं का? हे सगळं लिहा.

टेस्टिंग कुठे, कसं

वहीतल्या नोंदी घेऊन आधी बालरोगतज्ज्ञ, शक्यतो डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन. शहरात नसाल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र) असतं का विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून चालू आहे, ० ते १८ वयाला) तपासणी फुकट होते, शाळेत गाडीतून येणारी टीम हीच, त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा की मूल इतक्या आठवड्यांचं आहे, नाहीतर ते दात आणि वजन बघून पुढे जातात. परदेशात असाल तर तिकडचे नियम वेगळे, इंग्लंडमधे २८ आठवड्यांच्या आतल्या मुलांची ४ वर्षांची झाल्यावर विकासाची तपासणी करा अशी २०१७ पासून मार्गदर्शक सूचना आहे, तारीख उलटून गेली असली तरी मागा.

बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे साधारण मालिनची टेस्ट किंवा बिने-कामत वापरतात. मुलाला ज्या भाषेत समजतं त्या भाषेत टेस्ट घ्या हे ठासून सांगा, घरी मराठी बोलणाऱ्या पोराची इंग्रजीत टेस्ट घेऊन काढलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि रिपोर्ट हातात आल्यावर नुसता एक आकडा वाचून रडत किंवा नाचत बसू नका. आतले तुकडे विचारा: आकडे ऐकून परत म्हणण्यात किती, खुणा भराभर उतरवण्यात किती, तोंडी भागात किती, करून दाखवायच्या भागात किती. शब्दार्थ आणि समजुतीत १०५ आणि वेगात ८० असलेलं मूल आणि सगळीकडे ९२ असलेलं मूल, दोघांचा एकूण आकडा जवळपास सारखा येऊ शकतो पण दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी. माझं मत विचाराल तर तो एकूण आकडा नातेवाइकांना सांगूच नये, लग्नकार्यात चर्चा होते.

लक्षाच्या प्रश्नासाठी फॉर्म भरून घेतात, एक पालकांचा एक शिक्षकांचा. हातासाठी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता आहे का हे पक्कं करायला मात्र मूल ८ वर्षांचं व्हावं लागतं, त्याआधी कोणी सर्टिफिकेट देत नाही, पण मदत आधीपासून सुरू करता येते आणि करावीच.

शाळेशी बोलणं

पीटीएमच्या (पालकसभेच्या) गर्दीत नको. वेगळी वेळ मागा, एका पानाची चिठ्ठी न्या. त्यात वर मुलाची ताकद लिहा (गोष्टी छान सांगते, पाठांतर नाही पण समजून लक्षात राहतं वगैरे), मग जन्माचे आठवडे, मग फक्त तीन-चार मागण्या. जास्त मागितल्या तर एकही होत नाही. आमच्या कामाला आलेल्या या: पहिल्या-दुसऱ्या बाकावर जागा, फळ्यावरच्या मजकुराचा कागद हातात किंवा शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो, एका वेळी एकच सूचना, आणि दहा गणितांऐवजी पाच पण पूर्ण. एक मॅडम आम्हाला म्हणाल्या, "ताई, सगळीच मुलं अशी असतात हो, तुम्ही उगाच टेन्शन घेता." मी वाद नाही घातला, रिपोर्ट पुढे सरकवला आणि विचारलं की मॅडम एक महिना करून बघूया का. महिन्यानंतर त्यांनीच आणखी दोन मुलांना कागद द्यायला सुरुवात केली. शिक्षकांना डीएड-बीएडला याबद्दल फारसं कोणी शिकवलेलंच नसतं, त्यामुळे चिडून उपयोग नाही.

घरी

यावर पानं भरून लिहिता येईल पण मुद्दे थोडेच. सूचना तोडून द्या, "दप्तर भर, डबा घासायला टाक, युनिफॉर्म बदल" असं एका दमात नाही. दाराला चित्रांची यादी चिकटवा. हातच्यासाठी चौकटीची वही, एका चौकटीत एक आकडा, पुष्कळ फरक पडतो. पाढे रोज पाच मिनिटं, रविवारी तासभर बसवण्यापेक्षा. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे, नाणी, दुकानातले सुटे पैसे, सगळं हाताने. लिहून दमलं असेल तर उत्तरं तोंडी घ्या, तुम्ही लिहा, विज्ञान येतंय की नाही हे बघायचं असेल तर अक्षर कशाला मधे आणायचं. आणि वाचून दाखवणं, रोज, चौथी-पाचवीपर्यंत पण, मूल स्वतः वाचत असलं तरी.

त्याच बव्हेरियातल्या मुलांमधे दिसलंय की ज्यांचे आईवडील मुलाचा कल बघून, शांतपणे, हळूच टेकू देऊन शिकवत होते ती फार लवकर जन्मलेली मुलं पुढे शाळेत पूर्ण दिवसांच्या मुलांच्या बरीच जवळ आली. केईएमच्या अभ्यासात घरचा परिणाम मोठा म्हटलं ते हेच. यात पैसे नाही लागत, संध्याकाळी सातनंतर उरलेला पेशन्स लागतो, आणि तो कुठे मिळतो ते मला पण सांगा.

पैसे कुठे घालवू नका ते सांगते. मेंदूचे गेम वाली अ‍ॅप, स्मरणशक्तीची सिरप, डोळे बांधून वाचायला शिकवणारे कोर्स. ऑस्ट्रेलियात ७ वर्षांच्या, अगदी लवकर जन्मलेल्या मुलांना कॉम्प्युटरवर वर्किंग मेमरीचं ट्रेनिंग देऊन बघितलं, २ वर्षांनी वाचन-गणितात इतरांपेक्षा काही फरक नव्हता. गेम खेळून मूल त्या गेममधे हुशार होतं. अ‍ॅबॅकस आवडत असेल तर घाला, पण औषध म्हणून नको.

सर्टिफिकेट आणि सवलती

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. ८ वर्षांनंतर सरकारमान्य रुग्णालयात (मुंबईत सायनसारख्या मोठ्या रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिकच आहे) तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी परत करावं लागतं. त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सूट असं मिळतं, महाराष्ट्रात तर दहावीला अशा सवलती १९९६ पासून आहेत. नंबर लागायला वेळ जातो म्हणून नववीची वाट बघू नका, चौथी-पाचवीतच अर्ज करा. जन्म लवकर झाला एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही, अडचण टेस्टमधे दिसावी लागते. "शिक्का बसेल" म्हणून घरचे अडवतात, पण वर्गात "ढ" हा शिक्का पोरं आधीच मारून मोकळी झालेली असतात, त्यापेक्षा कागदावरचा बरा, त्याने निदान तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात.

मुलाला सांगायचं का हा प्रश्न सगळे विचारतात. सांगा, सात-आठ वर्षांचं झालं की साध्या भाषेत, पेटीतला फोटो दाखवून. तू घाईत आलास म्हणून काही कामांना तुला जास्त वेळ लागतो, ते डोकं कमी असल्यामुळे नाही. फक्त त्याच्यासमोर "सातमाशी आहे ना, म्हणून" असं कोणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, मग ती सासू असो की शेजारीण.

आणि पाचवीला एकदम सात-आठ शिक्षक होतात, कोणालाच कोणाचं माहीत नसतं, तेव्हा ती एका पानाची चिठ्ठी दर जूनला नवीन तारीख टाकून, जुन्या मागण्यांतली आता लागत नाही ती काढून, वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि त्यांना सांगा की तेवढी बाकीच्यांना पण दाखवा.